अंगठ्याची चाल

बोरीवलीतल्या एका लहान हॉस्पिटलमध्ये मी चोवीस वर्षं एक्स-रे काढते आहे. हात, पाय, छाती, मणके. माणसं येतात, मी सांगते तशी वळतात, श्वास रोखतात, सोडतात आणि जातात. चेहरे फारसे लक्षात राहत नाहीत. पण तीन वर्षांपूर्वी एका दुपारी आलेले म्हातारे गृहस्थ लक्षात राहिले, कारण उजवा हात प्लेटवर ठेवा म्हटल्यावर त्यांनी आधी खिशातून रुमाल काढला आणि बोटं एकेक करून पुसली.

"प्लेट मी पुसलीय, अंकल," मी म्हटलं.

"नखात माती हाय. फोटोत दिसंल."

"फोटोत फक्त हाडं दिसतात."

"मग बरा," ते म्हणाले आणि हात ठेवला.

ते खाडीपलीकडच्या गोराईहून आले होते. सत्तरी ओलांडलेली, पांढरा शर्ट, गळ्यात बारीक क्रूस. बोलणं तिथल्या जुन्या ख्रिश्चन घरांतलं, थोडं कोळ्यांसारखं, थोडं आपलंच वेगळं. चिठ्ठीवर अंगठ्याच्या मुळाशी दुखतं असं लिहिलेलं होतं. मी सवयीने विचारलं, "हाताने काय काम करता? शेती?"

"भाजी लावतो. पण दुखतो तो गिटारनं."

"गिटार तर सगळ्या बोटांनी वाजवतात. अंगठाच का दुखेल?"

"बोटा थांबतात मधी मधी. अंगठा थांबत नाय."

स्क्रीनवर फोटो आला. अंगठा मनगटाला जिथे मिळतो, तिथे दोन हाडांच्या मध्ये जी काळी फट दिसायला हवी, ती नव्हती. हाडाला हाड टेकलं होतं. ते माझ्या मागे येऊन उभे राहिले आणि काय दिसतंय ते सांग म्हणाले. रिपोर्ट डॉक्टर देतात, असं आम्ही सगळ्यांनाच सांगतो, तसं मी त्यांनाही सांगितलं.

"काढला तू, बघते तू, आणि सांगायचा डॉक्टरनी," ते म्हणाले. रागावून नाही, नुसतंच.

मग मी त्यांना बोटाने ती जागा दाखवली. त्यांनी बराच वेळ पाहिली. रिपोर्ट मिळेपर्यंत बाहेर बाकावर बसले होते, तेव्हा मी चहाला जाताना उगाच म्हणून गेले की आमच्याकडेही गिटार आहे, मुलीची, कपाटावर पडून आहे. मुलगी नोकरीला बंगळुरूला गेली तेव्हा नेली नाही. जायच्या आधी तिने मला चार कॉर्ड शिकवल्या होत्या, त्याच अधूनमधून वाजवून बघते. हे सगळं त्यांना सांगायचं काही कारण नव्हतं.

"रविवारी ये," ते म्हणाले. "बोटीतून उतरलीस की कोणाला पण विचार. गिटार घेऊन ये."

दोन रविवार मी गेले नाही. तिसऱ्या रविवारी गेले. नवऱ्याने गिटारची पिशवी शिवून दिली, म्हणजे जुन्या पिशवीची चेन गेली होती ती बदलली, आणि रिक्षाने खाडीपर्यंत सोडलं. बोटीत शेजारी बसलेल्या बाईंनी पिशवीकडे बघून विचारलं, मुलाची का? मी हो म्हटलं. पन्नाशीच्या बाईने गिटार शिकायला निघालेय म्हणून सांगणं मला तेव्हा जड गेलं.

त्यांच्या गल्लीत शिरले तर दोन गिटारी ऐकू आल्या. एक खालच्या पट्टीत पावलं टाकल्यासारखी सरळ चाललेली, दुसरी वरून गाणं गात असलेली, मध्येच रेंगाळणारी, मध्येच पुढे पळणारी. मला वाटलं त्यांचा आणखी कोणी शिष्य आलाय, आपली लाज जाणार. ओटीवर पोचले तर ते एकटेच बसले होते. बाजूला त्यांच्या पत्नी, आंटी, पाटावर बसून वालाच्या शेंगा सोलत होत्या.

"दुसरं कोण वाजवत होतं?" मी विचारलं.

आंटी हसल्या. "सगली हाच विचारतात."

अंकलनी हात समोर धरला आणि अंगठा हलवून दाखवला.

त्या दिवशी त्यांनी त्या चालीची गोष्ट सांगितली. ती त्यांच्या थोरल्या भावाने बांधलेली होती. भाऊ मालवाहू बोटीवर भटारखान्यात कामाला होता. तिथे कोणा परदेशी खलाशाकडून तो अशी गिटार वाजवायला शिकला : अंगठा एका जाड तारेवरून दुसऱ्या जाड तारेवर, पुन्हा पहिल्यावर, असा न थांबता फिरतो आणि बाकीची बोटं बारीक तारांवर गाणं वाजवतात. एका रजेत घरी असताना त्याने ही चाल बांधली. तिला नाव नाही. गावातल्या कितीतरी लग्नांत ती वाजली. भाऊ गेल्याला अकरा वर्षं झाली होती आणि आता ती एकट्या अंकलना येत होती. त्यांचा मुलगा बाहेरदेशी, त्याला यात रस नव्हता. डॉक्टरांनी हाताला पट्टा बांधायला सांगितला होता आणि गिटार कमी करा, पुढे बंद करावी लागेल, असंही सांगितलं होतं.

"म्हणून तुना बोलावला," ते म्हणाले.

"अंकल, मला चार कॉर्ड येतात."

"चार पुष्कल जाले. अंगठा नाय येत, तो शिकायचा."

पहिले पाच आठवडे मी दुसरं काहीच केलं नाही. डावा हात एकाच कॉर्डवर धरून ठेवायचा आणि उजव्या अंगठ्याने पाचवी तार, चौथी, सहावी, चौथी, पुन्हा पाचवी. बोटं दुमडून ठेवायची. हे कोणालाही येईल असं वाटतं. पहिल्या रविवारी अर्ध्या तासात मला आलं, आणि मी खुशीत त्यांच्याकडे पाहिलं.

"आता सकाली काय जेवण केला ते सांग," ते म्हणाले. "थांबू नको."

"आज पोळ्या केल्या," मी म्हटलं आणि पोळ्यांवर अंगठा थांबला.

"पुन्हा."

"आज पोळ्या..." पुन्हा थांबला. नंतर नंतर तर असं व्हायला लागलं की मी बोलत होते त्याच ठेक्यात अंगठा पडायचा, पो-ळ्या, भा-जी. आंटी आतून म्हणाल्या, "तिचा डबा करायचा पण चुकवशील तू."

घरी सासूबाई होत्या. त्यांचं सगळं आयुष्य गिरणीच्या चाळीत गेलेलं, सासरे गिरणीत होते. आवाजाची त्यांना सवय, पण हा आवाज त्यांना सहन होईना. मी ड्यूटीला जायच्या आधी अर्धा तास बाल्कनीत बसायचे. त्या दारात येऊन उभ्या राहायच्या. "काय गो, ह्या टुंग-टुंग कधी संपतला? गाणा सुरू कधी होतला?"

"हेच गाणं आहे, आई. निम्मं."

"मगे उरलेला निम्मा आधी वाजय."

उरलेलं निम्मं आलं तेव्हा मला कळलं की पहिलं निम्मं सोपं होतं. वरची बोटं हलली की अंगठा त्यांच्या मागे जायचा. गाण्यातला एखादा सूर अंगठ्याबरोबर पडतो, तो जमायचा. पण जो सूर अंगठ्याच्या दोन ठोक्यांच्या मधोमध पडतो, तिथे सगळा हातच गोंधळायचा. अंगठा त्या सुराची वाट बघत थांबायचा. मी रोज हात बघते, कुठला स्नायू कुठे जातो ते मला पाठ आहे, त्याचा इथे काडीचा उपयोग नव्हता. अंकल म्हणायचे, अंगठ्याला ऐकू येत नाय असा समज. बोटा काय पण करू देत, त्याला ऐकू येत नाय.

त्यांच्या चालीचा पहिला भाग म्हणजे गिटारवर पाऊण मिनिट. तो मला चार महिने पुरला. एका सकाळी मी तो वाजवत होते आणि सासूबाईंनी विचारलं, रक्तदाबाची गोळी कुठे ठेवलीस? मी म्हटलं, फ्रिजवर, निळ्या डबीत. त्या गेल्या. चार-पाच ठोक्यांनंतर माझ्या लक्षात आलं की मी थांबले नव्हते. मग मात्र थांबले. मी मुलीला फोन केला. ती कामावर निघाली होती. "आई, तू गोळीचं सांगायला फोन केलास?" ती म्हणाली. तिला समजावून सांगता सांगता मीच हसायला लागले.

दुसरा भाग लवकर आला. तिसऱ्याला लागलो तेव्हा वर्ष होत आलं होतं, आणि तिथे आमचं बिनसलं.

तिसऱ्या भागात हात सगळ्यात जास्त ताणावा लागतो. अंगठा अगदी वरच्या जाड तारेवर आणि त्याच क्षणी बोट अगदी खालच्या बारीक तारेवर. हे एकदा नाही, आठ वेळा येतं. ते मला दाखवताना अंकलच्या ओठांची कड आत जायची. आधी मी पाहूनही न पाहिल्यासारखं केलं. मग एका रविवारी म्हटलं, "अंकल, तुम्ही दाखवू नका. मी फोनवर घेतलंय, ते बघून करीन."

"फोन शिकवंल तुना?"

"तो सांधा संपलाय. मी बघितलाय. तुम्ही दर वेळी तो आणखी झिजवताय, आणि माझ्यासाठी झिजवताय."

"तू माझी डॉक्टर हाय?"

"डॉक्टरांनीच सांगितलंय ना तुम्हाला."

त्यांनी गिटार भिंतीला टेकवून ठेवली. "हात माझा हाय, बाय. भाऊ पण माझा. तुना भीती वाटते तर नको येऊ."

मी पिशवीत गिटार घातली आणि निघाले. आंटींनी थांबवलं नाही. बोटीत बसल्यावर मला वाटलं, मी बरोबर बोलले. घरी पोचेपर्यंत वाटलं, बरोबर बोलले पण चुकीच्या माणसाच्या ओटीवर बसून बोलले.

चार रविवार मी गेले नाही. गिटार पुन्हा कपाटावर गेली. सासूबाईंनी दोन दिवस काही विचारलं नाही, तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "आज टुंग-टुंग नाय?" मी म्हटलं, नाही. त्या तशाच आत गेल्या.

मग एका दुपारी आंटी हॉस्पिटलमध्ये आल्या. हातात पिशवी, त्यात मुळा आणि लाल माठ. मला वाटलं पुन्हा एक्स-रे. त्या म्हणाल्या, कोणाचा एक्स-रे नाही, मी भाजी विकायला आले होते, उरलेली तुला. बाकावर टेकल्या आणि पाणी प्यायल्या.

"दुपारी मी झोपले का तो वाजवतो," त्या म्हणाल्या. "त्याला वाटते झोपली. मी ऐकते ना. तेच तेच वाजवतो, तिसरा. बाय परत आली आणि मीच विसरलो तर, बोलतो."

"पट्टा घालतात का?"

"घालतो. वाजवताना काढतो."

त्यांनी मला ये म्हटलं नाही. पाणी प्यायलेला पेला स्वतः विसळून ठेवला आणि गेल्या.

त्या रविवारी मी गेले. अंकल ओटीवर होते, हाताला पट्टा होता. मी बसले आणि येताना बोटीत ठरवलेलं एका दमात सांगून टाकलं. "मी शिकते. पण तुम्ही गिटार हातात घ्यायची नाही. तोंडाने म्हणून दाखवायचं. अंगठा पण, बोटं पण."

"दोनी एकदम कसा म्हणणार?"

"आधी अंगठा म्हणा. मी तो वाजवते. मग वरचं म्हणा."

त्यांनी आंटीकडे पाहिलं. आंटी शेंगांकडे बघत होत्या. मग त्यांनी डोळे मिटले आणि डाव्या हाताने गुडघ्यावर ठेका धरून म्हणायला लागले. डुम, दम, डुम, दम. आवाज बारीक होता पण ठाम. मी अंगठ्याने त्यांच्या मागे जात होते. तिसऱ्या भागातल्या त्या ताणाच्या जागेवर आलो आणि मी अडखळले. मी थांबले, ते पुढे गेले. पुन्हा सुरुवातीपासून घेतलं. पुन्हा तिथेच.

"इथे डुम नाहीये, अंकल," मी म्हटलं. "इथे अंगठा रिकामा जातो."

"हाय. इथं का नसंल?"

"तुम्ही वाजवता तेव्हा सोडता तो."

"मी? नाय सोडत."

माझ्या फोनवर वर्षभरातली सगळी रेकॉर्डिंग होती. मी तिसऱ्या भागाचं लावलं. त्या जागी अंगठा नव्हता. पुढच्या वेळी पण नव्हता. आठही ठिकाणी जाड तारेचा तो ठोका गेलेला होता. त्याच्या जागी किंचित थबकल्यासारखं व्हायचं, आणि मला ते थबकणं इतकं सुंदर वाटलं होतं की मी महिनाभर तेच हुबेहूब बसवत होते. हात जिथे सगळ्यात जास्त ताणायचा, नेमका तिथेच अंगठा निघून यायचा. दुखऱ्या पायाचा माणूस पाऊल टाकता टाकता उचलून घेतो, तसा. मी त्यांची चाल शिकत नव्हते, त्यांचं लंगडणं शिकत होते.

त्यांनी ते तीनदा ऐकलं. मग फोन मला परत दिला.

"किती वर्षांपासून सोडत असंन मी," ते म्हणाले.

मग त्यांनी पुन्हा डोळे मिटले. "म्हणतो. तू वाजव. सगले डुम वाजव."

त्या दिवशी मला ते आठ ठोके वाजवता आले नाहीत, दोन आले. पण ते दोन पडले तेव्हा ती चाल वेगळीच झाली. थबकण्याऐवजी तिथून पुढे उडी घ्यायची ती. अंकलनी डोळे उघडले नाहीत. "हा," ते म्हणाले. "हा असा करायचा तो."

पुढचं वर्ष आम्ही तसंच शिकलो, त्यांच्या तोंडाने आणि माझ्या हाताने. ते पट्टा काढत नसत. आधी आधी त्यांचा उजवा अंगठा पट्ट्याच्या आत हलताना दिसायचा, मग तेही कमी झालं. शिकवण्याची ही रीत त्यांना आवडायला लागली असावी, कारण हळूहळू ते माझ्या चुकाही तोंडाने करून दाखवायला लागले, आणि आंटी आतून हसायच्या. कॉर्ड बदलताना माझी करंगळी उशिरा पोचायची. नखं वाढवायची की कापायची यावर दोन रविवार गेले. एकदा हॉस्पिटलमध्ये एका बाईंचा हात प्लेटवर धरून ठेवताना माझा अंगठा आपोआप त्यांच्या मनगटावर ठेका धरायला लागला. त्यांनी विचारलं, नाडी बघताय का? मी हो म्हटलं.

मागच्या हिवाळ्यात त्या थोरल्या भावाच्या नातीचं लग्न ठरलं. आदल्या दिवशी दुपारी मंडपात घरातली माणसं जमणार होती, तिथे मी ती चाल वाजवावी असं अंकलनी परस्पर सांगून टाकलं होतं. मला कळलं तेव्हा माझी वाट लागली. आमच्या सोसायटीच्या गणपतीत मी एकदा वाजवायला बसले होते आणि दुसऱ्या भागात अंगठा जो थांबला तो हललाच नव्हता. मी अंकलना तसं सांगितलं. ते म्हणाले, "थांबला तर मी म्हणंन. तू परत चढ."

मंडपात तीसेक माणसं होती. बाया लसूण सोलत होत्या, कोणी खुर्च्या लावत होतं, सगळे बोलत होते. गाण्याला बसल्यासारखं कोणी बसलं नव्हतं, त्याने मला बरं वाटलं. अंकल माझ्या शेजारी स्टुलावर होते. पहिला भाग गेला. दुसऱ्यात मी एक कॉर्ड चुकवली, पण अंगठा चालत राहिला. तिसऱ्याच्या आधी अंकलनी अगदी बारीक आवाजात डुम, दम सुरू केलं, फक्त मला ऐकू येईल इतकं. आठपैकी सात ठोके पडले. एक राहिला. शेवटची तार वाजली तेव्हा बाया बोलायच्या थांबल्या होत्या.

पुढच्या खुर्चीवर भावाची बायको बसली होती. ऐंशीच्या घरातली, वसईहून आलेली, आधी माझ्याशी एक शब्दही बोलली नव्हती. ती अंकलना म्हणाली, "इतका हलू नव्हता वाजवीत तो."

माझा चेहरा उतरला असणार.

"नाचायला लागायचा ना आमाला," ती म्हणाली. "पण ठोका हाच हाय. तू वाजवायचास त्यात नव्हता हा. मना वाटायचा, त्याच्याबरोबर गेला."

मग ती खुर्चीच्या हाताला धरून उठली आणि आंटींकडे हात केला. आंटींनी लसणाचं ताट खाली ठेवलं, हात पदराला पुसले. "परत वाजव," भावाची बायको मला म्हणाली. "जरा लवकर."

मी सुरू केलं. दोघी मंडपाच्या मधल्या मोकळ्या जागेत गेल्या असाव्यात. मी मान वर करून पाहिलं नाही, पाहिलं असतं तर अंगठा थांबला असता. पायांचा आवाज मात्र ऐकू येत होता, आणि तो माझ्यापेक्षा थोडा पुढे होता. मी त्याला गाठायला वेग वाढवला.